शितावरून भाताची परीक्षा: वस्तू बनवायला लागलेल्या ऊर्जेवरून काय कळतं, काय कळत नाही

एक किलो ॲल्युमिनियम बनवायला नुसत्या विजेच्या भट्टीतच १४ युनिटच्या आसपास वीज जाते. पंखे, दिवे, टीव्ही आणि लहानसा फ्रिज असलेल्या घराचं महिन्याचं बिल शंभर युनिटांचं धरलं, तर ते घर महिनाभर ज्यावर चालतं तेवढी वीज सात किलो ॲल्युमिनियममध्ये संपते. एखाद्या मोठ्या स्लायडिंग खिडकीच्या चौकटीला एवढं ॲल्युमिनियम सहज लागतं.

आता शेजारी दुसरे आकडे ठेवू. खनिजापासून बनवलेल्या पोलादाला किलोमागे २० ते २५ मेगाज्यूल ऊर्जा लागते. सिमेंटच्या क्लिंकरला, म्हणजे दळून ज्याचं सिमेंट होतं त्या भट्टीतल्या खड्यांना, तीन-साडेतीन मेगाज्यूल. भाजलेल्या विटेला, भट्टी कशी आहे त्यावर, किलोमागे एकपासून तीन-चार मेगाज्यूलपर्यंत. मेगाज्यूल हे माप रोजच्या वापरातलं नाही, म्हणून दोन खुणा सांगून ठेवतो. विजेचं एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. आणि घरातला १४.२ किलोचा भरलेला सिलिंडर म्हणजे साधारण साडेसहाशे मेगाज्यूल.

एवढ्या चार आकड्यांवरूनच कुठली वस्तू निसर्गाला जड जाते याचा अंदाज यायला लागतो. हा अंदाज कितपत धरून चालायचा, हा या लेखाचा विषय. माझं मत आधीच सांगतो. पर्यावरणाचा बोजा एका आकड्यात मोजायचा झाला तर ऊर्जेइतका कामाचा दुसरा आकडा नाही. पण शितावरून भाताची परीक्षा होते ती सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो म्हणून. सगळ्या वस्तूंच्या बाबतीत तसं नसतं.

ऊर्जाच का मोजायची?

कारखान्याचा त्रास एक प्रकारचा नसतो. धुराड्यातून धूर जातो, नाल्यातून सांडपाणी जातं, खाणीपायी जंगल जातं, ट्रकांच्या धुळीने रस्त्याकडेची पिकं काळवंडतात. यातल्या प्रत्येकाचं माप वेगळं. धुरातल्या गंधकाचे ग्रॅम आणि बुडालेल्या जंगलाचे हेक्टर यांची बेरीज कशी करणार? शिवाय ही मापं घ्यायला माणसं लागतात, यंत्रं लागतात, आणि ती आत येऊ देणारा मालक लागतो.

ऊर्जेचं तसं नाही. तिचं मीटर असतं आणि दर महिन्याला बिल येतं. नदीत काय सोडलं याची नोंद नसलेला कारखाना सापडेल, पण वीज, कोळसा आणि डिझेलवर किती पैसे गेले हे माहीत नसलेला सापडणार नाही. हिशेब लिहिण्यात मालकाचाच फायदा असल्यामुळे हा आकडा बऱ्यापैकी खरा असतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. जगात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी ८० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा अजूनही कोळसा, तेल आणि वायू जाळून मिळते. ऊर्जा जास्त म्हणजे खाण जास्त, वाहतूक जास्त, राख, गंधकाचे वायू, पारा आणि कार्बन डायऑक्साइडही जास्त. हे सगळं एकमेकांना बांधलेलं असल्यामुळे एक मोजलं की बाकीच्यांचा अंदाज बांधता येतो.

या मोजणीला जोर आला तो १९७३ च्या तेलसंकटानंतर. तेलाच्या किमती कडाडल्यावर कुठल्या वस्तूत किती तेल मुरलेलं आहे, हा प्रश्न सरकारांना पडला. १९७४ मध्ये स्वीडनमध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी ऊर्जेचा हिशेब कसा मांडायचा याचे संकेत ठरवले. वासिली लिऑन्टिएफ यांना १९७३ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या पद्धतीसाठी मिळालं, तीही इथे उपयोगी पडली. कुठला उद्योग दुसऱ्या कुठल्या उद्योगाकडून किती रुपयांचा माल घेतो याचा देशभराचा तक्ता करायचा आणि त्यावरून प्रत्येक रुपयाच्या मालात किती ऊर्जा शिरली हे काढायचं. तेव्हा मुद्दा तेल वाचवण्याचा होता, पर्यावरणाचा नंतर आला.

एक किलो ॲल्युमिनियमचा हिशेब

हिशेब मांडायला बसलं की गंमत कळते. सुरुवात सड्यावरून करू. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी आणि चंदगडच्या बाजूला सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्याचे सपाट सडे आहेत आणि त्यांच्या पोटात बॉक्साइट. तिथे या खनिजाच्या खाणी चालत आल्या आहेत, आणि घाट उतरून थोड्या अंतरावर बेळगावला बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढणारा कारखाना आहे. एक किलो ॲल्युमिनियमला चार-पाच किलो बॉक्साइट लागतं. ते खणायला आणि ट्रकमध्ये भरायला लागणारं डिझेल फारच थोडं. ऊर्जेच्या भाषेत एक मेगाज्यूलही होत नाही.

मग बॉक्साइट दळून गरम कॉस्टिक सोड्यात विरघळवतात आणि त्यातून पिठासारखी पांढरी भुकटी, म्हणजे ॲल्युमिना, वेगळी करतात. एक किलो धातूला दोन किलो ॲल्युमिना लागतं आणि तेवढं बनवायला वाफेसाठी, भाजण्यासाठी मिळून २० ते २५ मेगाज्यूल खर्च होतात. मागे उरतो तांबडा गाळ, तोही किलोभर धातूमागे दोन-तीन किलो.

शेवटची पायरी विजेची. साडेनऊशे अंशांवर वितळलेल्या क्षारात ॲल्युमिना विरघळवून त्यातून एकदिश प्रवाह सोडायचा. ही युक्ती १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघांनी एकमेकांचा पत्ता नसताना शोधली, आणि आजही जगातलं जवळजवळ सगळं नवं ॲल्युमिनियम याच रीतीने बनतं. इथेच ती १४ युनिटं जातात. शिवाय वीज सोडणारा कार्बनचा ठोकळा स्वतःच जळत जातो. किलोभर धातूमागे ४०० ग्रॅमहून थोडा जास्त, म्हणजे आणखी १४-१५ मेगाज्यूल.

आता बेरीज. १४ युनिट गुणिले ३.६ म्हणजे ५० मेगाज्यूल. त्यात ॲल्युमिनाचे २५ आणि कार्बनचे १५ मिळवले की ९० झाले. पण थांबा. कोळशाच्या वीजकेंद्रात जळलेल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होऊन बाहेर पडतो. बाकीची उष्णता शीतक मनोऱ्यातून आणि धुराड्यातून उडून जाते. म्हणजे मीटरवर एक युनिट पडतं तेव्हा केंद्रात दहा मेगाज्यूलचा कोळसा जळलेला असतो. मग १४ युनिटांचे १४० मेगाज्यूल आणि एकूण १८०. साडेतीन किलो ॲल्युमिनियम म्हणजे घरातला एक सिलिंडर.

तोच धातू, तेवढंच वजन, आणि एका रीतीने ९० तर दुसऱ्या रीतीने १८०. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला कारखान्याच्या फाटकाशी मोजलेला, दुसरा पार खाणीपर्यंत मागे जाऊन. ‘आमच्या उत्पादनाला एवढीच ऊर्जा लागते’ असं कोणी सांगितलं की वीज फाटकाशी मोजली की खाणीशी, हे पहिल्यांदा विचारावं. अर्ध्या वादांचा निकाल तिथेच लागतो.

साखळी इथेही संपत नाही. कॉस्टिक सोडा मिठाच्या पाण्यातून वीज सोडूनच बनतो, तेव्हा त्याची वीज धरायला हवी. ज्या भट्टीत हे चाललं ती लोखंडाची, तेव्हा त्या लोखंडाची ऊर्जा? कामगारांना आणणाऱ्या बसचं डिझेल? कुठेतरी रेघ मारावीच लागते. सुदैवाने पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत बहुतेक ऊर्जा हाती लागते आणि मागे जावं तसे आकडे लहान होत जातात. यंत्रं आणि इमारतीसुद्धा वीस-तीस वर्षांच्या उत्पादनावर वाटल्या की किलोमागे अगदी थोडं येतं. रेघ कुठे मारली हे लिहून ठेवलं म्हणजे झालं. दोन कारखान्यांची तुलना करताना दोघांची रेघ एकाच जागी हवी.

४९८ वस्तूंची तपासणी

ऊर्जेवर टीका करणाऱ्यांचं म्हणणं असं की हे फार ढोबळ माप आहे. विषारीपणा, पाणी, जमीन, ओझोन हे सगळं वेगवेगळं मोजून त्याला वजन देणाऱ्या गुंतागुंतीच्या पद्धती आता आहेत, त्या वापराव्यात. मग २०१० मध्ये पर्यावरणाचे अभ्यासक मार्क हायब्रेग्त्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४९८ वस्तू घेऊन हे तपासूनच पाहिलं. धातू, काच, कागद, रसायनं, प्लॅस्टिक, बांधकामाचं साहित्य, शेतमाल, सगळं त्यात होतं. एका बाजूला एकूण लागलेली ऊर्जा आणि दुसऱ्या बाजूला प्रचारातल्या सहा पद्धतींचे निकाल.

उत्तर बरंच ऊर्जेच्या बाजूने आलं. सहा पद्धतींमागचे विचार वेगळे असूनही बहुतेक वस्तूंच्या बाबतीत बोजाचं सगळ्यात मोठं कारण एकच निघालं: खनिज इंधनांची ऊर्जा. मोठा अपवाद होता तो शेतमालाचा.

हा अपवाद महाराष्ट्रातल्या वाचकाला लांबून शोधायला नको. साखर कारखाना पाहा. एक टन ऊस गाळला की १०० ते ११० किलो साखर निघते, म्हणजे दहा-अकरा टक्के उतारा. त्याबरोबर २८०-३०० किलो ओलसर बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, आणि चाळीसेक किलो मळी. बॉयलरमध्ये कोळसा नाही, हाच बगॅस जळतो. त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरतं, तीच वाफ पुढे रस आटवायला जाते आणि सहवीजनिर्मिती असेल तर उरलेली वीज महावितरणला विकली जाते. खनिज ऊर्जेच्या हिशेबात हा कारखाना शून्याच्या जवळ बसतो, वीज विकणारा तर उणे आकड्यातही जाईल.

आणि तरीही एका किलो साखरेमागे शेतात हजार-दोन हजार लिटर पाणी मुरलेलं असतं. ते पाणी कालव्याने उताराने आलं असेल तर ऊर्जेच्या वहीत त्याची नोंदच नाही. विहिरीतून उपसलं असेल तर नोंद पंपाच्या विजेची होईल, खाली गेलेल्या पातळीची होणार नाही. डाळीच्या रानात ऊस आला, क्षार साचून नदीकाठची गाळाची जमीन नापीक झाली, मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरलेलं सांडपाणी (स्पेंटवॉश) ओढ्यात गेलं, यातलं काहीही मेगाज्यूलमध्ये दिसत नाही.

खतांचंही असंच. युरिया बनवायला टनामागे २३ ते २५ गिगाज्यूल, म्हणजे २३ ते २५ हजार मेगाज्यूल लागतात. बहुतेक नैसर्गिक वायूतून. ते ऊर्जेच्या हिशेबात नीट येतात. पण शेतात टाकलेल्या नत्रातला सुमारे एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, असं हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय समितीचं सर्वसाधारण गृहीतक आहे. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापदायक. एका टन युरियात ४६० किलो नत्र. हिशेब केला तर रानातून उडालेला हा वायू जवळपास दोन टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा भरतो, कारखान्यात जाळलेल्या वायूच्या धुरापेक्षा जास्त. ऊर्जेचं मीटर कारखान्याच्या फाटकाशी थांबतं, नत्र नाही.

एकाच कारखान्यातून चार वस्तू निघतात तेव्हा ऊर्जा कोणाच्या नावावर किती टाकायची, हाही प्रश्न आहेच. साखर, मळी, वीज आणि प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) यांत वजनाने वाटली तर एक उत्तर, किमतीने वाटली तर दुसरं. किमतीने वाटली तर साखरेचा भाव पडला त्या वर्षी साखर आपोआप ‘हरित’ होते. हे मला कायम विनोदी वाटत आलं आहे, पण याहून बरी सोय अजून कोणाला सुचलेली नाही.

जिथे दगडच धूर सोडतो

ऊर्जेचा आकडा सगळ्यात जास्त फसवतो तो सिमेंटमध्ये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूर-कोरपना पट्ट्यात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत, कारण तिथे चुनखडी आहे आणि जवळ कोळसा. भट्टीत १,४५० अंशांपर्यंत तापवून चुनखडीचं क्लिंकर होतं. पण चुनखडी म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीने चुना आणि कार्बन डायऑक्साइड यांचीच जोडी. शंभर किलो शुद्ध चुनखडी तापवली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो वायू उडून जातो. हा वायू इंधनाचा नव्हे, दगडाचा. सिमेंटच्या एकूण कार्बनपैकी निम्म्याहून जास्त वाटा याचाच.

म्हणून उद्या ही भट्टी सगळीच्या सगळी सूर्यावर चालवली तरी ते ४४ किलो जाणारच. ऊर्जा-बचतीची उत्तम बक्षिसं मिळवलेला कारखानाही या बाबतीत काही करू शकत नाही. उपाय एकच, क्लिंकरच कमी घालायचं. बाजारात ‘पीपीसी’ म्हणून मिळणाऱ्या सिमेंटमध्ये भारतीय मानकानुसार ३५ टक्क्यांपर्यंत औष्णिक केंद्राची राख असू शकते, ती याच कामाची. इथे हिशेबाची आणखी एक गंमत. कोळसा जाळल्याचा सगळा दोष विजेच्या खात्यावर पडतो आणि राख सिमेंटच्या दारात धुतल्या तांदळासारखी येते.

धातूंमध्येही आकडा कोणती गोष्ट लपवतो ते पाहा. वर सड्यावरच्या खाणीचा हिशेब एक मेगाज्यूलच्या आत बसवला होता. १८० मधला तो अर्धा टक्काही नाही. पण सड्यावर पावसाळ्यात जी फुलं येतात, जो जांभा पाणी धरून ठेवतो आणि खालच्या झऱ्यांना देतो, ते त्याच अर्ध्या टक्क्यात खरवडून निघतं. तांबड्या गाळाचं तसंच. ४ ऑक्टोबर २०१० रोजी हंगेरीतल्या आयका गावाजवळ अशा गाळाच्या तळ्याचा बांध फुटला आणि दहा माणसं गेली. तळं राखायला ऊर्जा जवळपास लागत नाही, म्हणून ऊर्जेच्या तक्त्यात ते तळं नाहीच.

आणि उलटंही होतं. आइसलँडमध्ये बॉक्साइट नाही, पण धरणांची आणि भूगर्भातल्या वाफेची स्वस्त वीज आहे. म्हणून ॲल्युमिना समुद्र ओलांडून तिथे नेतात. तिथल्या भट्टीलाही १४ युनिटंच लागतात. कोळशाच्या विजेवर, जशी आपल्याकडची बहुतेक ॲल्युमिनियम केंद्रं चालतात, किलोमागे १६ ते २० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जलविजेवर साधारण चार. ऊर्जा तेवढीच, कार्बन चौपट-पाचपट. मग आइसलँडचा धातू स्वच्छ का? कार्बनपुरता, हो. पण त्या विजेसाठी काराह्न्यूकारचं धरण बांधलं तेव्हा ५७ चौरस किलोमीटर पठार पाण्याखाली गेलं आणि त्यावर तिथे मोठं आंदोलन झालं.

भंगाराच्या बाबतीत मात्र ऊर्जेचा आकडा सरळ आणि भरवशाचा बोलतो. जुनं ॲल्युमिनियम वितळवायला नव्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जा पुरते. जालन्यातल्या सळईच्या भट्ट्या भंगार लोखंड वितळवतात तेव्हा टनामागे वीज लागते ती पाच-सहाशे युनिटांच्या घरात. खनिजापासून लोखंड काढायला लागणाऱ्या कोळशापुढे हे किरकोळ. फक्त एक अडचण: भंगार मागितलं म्हणून वाढत नाही. वीस-तीस वर्षांपूर्वी जेवढं लोखंड वापरात गेलं तेवढंच आज परत येणार. एका बिल्डरने ‘शंभर टक्के भंगाराची सळई’ घेतली की दुसऱ्याच्या वाट्याला तेवढी खनिजाची जाते.

सरकारने काय मोजायचं ठरवलं

भारताने उद्योगांना शिस्त लावताना सुरुवात ऊर्जेपासूनच केली. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा आला, आणि २०१२ मध्ये ‘पॅट’ ही योजना. सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम, खतं, कागद, कापड अशा क्षेत्रांतल्या ४७८ मोठ्या कारखान्यांना पहिल्या फेरीत टनामागे किती ऊर्जा वापरायची याचं लक्ष्य दिलं. लक्ष्यापेक्षा जास्त बचत करणाऱ्याला प्रमाणपत्रं, कमी पडणाऱ्याने ती विकत घ्यायची. सुरुवात म्हणून निवड शहाणपणाची होती. बिलं तयार होती, तपासणारे लोक तयार करता येत होते, आणि ऊर्जा वाचली की मालकाचे पैसेही वाचत होते.

पण वर पाहिलेली सगळी भोकं त्यात होतीच. कारखान्याने कोळशाची वीज सोडून सौर वीज घेतली तरी धातूच्या टनामागची युनिटं तेवढीच राहतात. २०२३ मध्ये केंद्राने कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली आणि माप बदललं: आता टनामागे ऊर्जा नव्हे, टनामागे कार्बन. चुनखडीतून उडणारे ते ४४ किलो पहिल्यांदाच सिमेंटवाल्याच्या हिशेबात आले. पाणी, सडा आणि तांबडा गाळ मात्र अजून बाहेरच आहेत, त्यांच्यासाठी पर्यावरण मंजुरीचा जुना रस्ता.

युरोपनेही कार्बनच धरला. बाहेरून येणारं पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट आणि खतं यांच्यावर बनवताना सोडलेल्या कार्बनचा आकार लावायची त्यांची व्यवस्था ऑक्टोबर २०२३ पासून नुसत्या माहितीपुरती होती, जानेवारी २०२६ पासून पैशांची झाली. मात्र यातली एक तरतूद बघण्यासारखी आहे. सिमेंट आणि खतांच्या बाबतीत वापरलेल्या विजेमागचा कार्बनही मोजला जातो. पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या बाबतीत सध्या फक्त कारखान्यात थेट बाहेर पडलेला कार्बन धरतात, कारण युरोपातल्या कारखान्यांना महागड्या विजेची भरपाई त्यांची सरकारं देतात आणि मग परक्यांकडून तेच वसूल करणं अडचणीचं होतं. म्हणजे कोळशाच्या विजेवर बनलेलं किलोभर ॲल्युमिनियम युरोपच्या बंदरावर उतरतं तेव्हा जळालेल्या कार्बनच्या ठोकळ्याचे दीडेक किलो कागदावर येतात, आणि १४ युनिटांमागचे चौदाएक किलो येत नाहीत.